भोईवाड्यातली नवी ड्रेनेज लाइन

माझ्याबरोबर रस्त्याने चालायला घरचं कोणी तयार नसतं. नवरा म्हणतो, "तुझी मान खाली असते आणि तू मध्येच थांबतेस." खरं आहे ते. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी दादरला भाजी घ्यायला निघाले की माझी नजर भाजीवर नसते, मॅनहोलच्या झाकणांवर असते. कुठलं झाकण रस्त्याच्या खाली गेलंय, कुठलं पाय पडला की खडखडतंय, कुठून वास येतोय. परवा एका झाकणापाशी इतका वेळ उभी राहिले की फुलवाल्याने विचारलं, "काय पडलं का आत, मावशी?"

पालिकेच्या ड्रेनेजच्या कामावर मी ज्युनियर इंजिनिअर म्हणून लागले, तेव्हा आईने लालबागच्या आमच्या चाळीत पेढे वाटले, पण खात्याचं नाव सांगितलं नाही. शेजारच्या बाईने खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "पाण्याचं काय ते बघते." आई खोटं बोलली नव्हती. मी पाणीच बघत होते. फक्त ते वापरून झालेलं असायचं.

लोकांना वाटतं, ड्रेनेज म्हणजे खड्डा खणायचा, पाइप टाकायचा, माती लोटायची. तसं असतं तर माझे केस इतक्या लवकर पांढरे झाले नसते. मैला वाहून नेणाऱ्या पाइपात पंप नसतो, पाणी आपल्या वजनाने जातं. म्हणून उतार नेमका लागतो. कमी पडला तर घाण तळाला बसते. दोन मॅनहोलमधला पाइप सरळ रेषेत हवा. एका टोकाला दिवा धरायचा, दुसऱ्या टोकाला आरसा, आणि आरशात पूर्ण गोल उजेड दिसायला हवा. चंद्रकोर दिसली तर पाइप मध्ये बसलाय, काढा आणि परत टाका. पिण्याच्या पाण्याची लाइन याच्या वरून आणि अंतर ठेवून गेली पाहिजे. आणि शेवटी पाण्याची चाचणी. खालचं टोक बंद करायचं, वरच्या मॅनहोलपर्यंत पाणी भरायचं, खूण करायची आणि वाट बघायची. पातळी किती उतरू शकते ते नियमात लिहिलेलं असतं. त्याहून जास्त उतरली तर कुठला तरी सांधा गळतोय. आज पाणी बाहेर जात असेल, तर उद्या मैला बाहेर जाणार आणि कुणाच्या तरी पिण्याच्या पाण्यात मिसळणार.

मी शेकडो वेळा पाणी उतरताना पाहिलं. चढताना एकदाच पाहिलं, ते भोईवाड्यात.

परळच्या बाजूने भोईवाड्यात शिरणारी एक अरुंद गल्ली. एका बाजूची जुनी चाळ पाडून तिथे नवी इमारत उभी राहिली होती. चाळीतले लोक तोवर शीवच्या संक्रमण शिबिरात दिवस काढत होते. समोरच्या बाजूला दुसरी चाळ, ती अजून जुनीच. नव्या इमारतीसाठी बिल्डरने गल्लीतून मोठ्या रस्त्यापर्यंत नवी मलवाहिनी टाकायची, ती आम्ही तपासायची, मग लोकांनी राहायला जायचं, असा क्रम. इमारत रंगवून तयार होती. अडलं होतं ते माझ्या सहीपाशी.

सोसायटीचे सेक्रेटरी होते परबकाका. मूळचे मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यावर शाळेत शिपाई झालेले, आता निवृत्त. ते शीवहून रोज येत आणि गल्लीत खुर्ची टाकून बसत. त्यांची म्हातारी आई शिबिरात अंथरुणाला खिळलेली होती. एकदा तिला भेटायला त्यांनी मला मुद्दाम नेलं. पत्र्याखाली पंखा गरम हवा फिरवत होता. म्हातारीने माझा हात धरून विचारलं, "बाय गो, घराक कधी जावक गावतला?"

"लवकर, आजी," मी म्हणाले.

बाहेर आल्यावर परबकाका म्हणाले, "मॅडम, मी काही दबाव आणत नाही. फक्त दाखवलं."

चाचणीच्या दिवशी आम्ही खालचं टोक बंद केलं, पाणी भरलं, मॅनहोलच्या भिंतीवर खडूने खूण केली आणि चहा प्यायला गेलो. परत आले तर खूण दिसेना. मला वाटलं, पुसली गेली. टॉर्च मारला. खूण पाण्याखाली होती.

कंत्राटदाराचा मुकादम शांतपणे म्हणाला, "जमिनीतलं पाणी आहे, मॅडम. समुद्र जवळ आहे ना. भूजल."

मी वाकून बघत होते. पाण्यावर साबणाचा फेस होता, आणि त्यात कढीपत्त्याची पानं गोल फिरत होती.

"मुकादम," मी म्हणाले, "भूजलात कढीपत्ता नसतो."

मग धुराची चाचणी ठरवली. रिकाम्या लाइनमध्ये यंत्राने धूर सोडतात. जिथे भोक असेल, चोरून जोडलेला पाइप असेल, तिथून तो बाहेर येतो. अपाय काही नसतो, पण दिसायला भयंकर. मी आदल्या दिवशी गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, समोरच्या चाळीला मात्र ओझरतंच. त्यांचा या लाइनशी काय संबंध, असं मला वाटलं होतं.

यंत्र सुरू झालं आणि थोड्याच वेळात समोरच्या चाळीत तळमजल्यावर आरडाओरडा झाला. "आग! आग!" एक बाई हातात कालथा घेऊन धावत बाहेर आली. तिच्यामागे दारातून पांढऱ्या धुराचा लोट. मी ओरडून सांगितलं, "आग नाही, आमचा धूर आहे!" आणि तिच्या घरात शिरले. कोपऱ्यातल्या मोरीच्या जाळीतून धूर येत होता. शेजारच्या खोलीतही तसाच. त्याच्या पुढच्याही.

ती बाई आशाताई जाधव. एका दवाखान्यात आया होती, नवरा वारलेला. चाळ बहुतेक बौद्ध कुटुंबांची, तीही त्यातलीच. धूर कशाने येतोय हे कळल्यावर ती घाबरली नाही की खोटं बोलली नाही.

"जोडला आम्हीच पाइप," ती म्हणाली. "तुमची गल्ली खणलेली होती, मिस्त्रीला सांगितलं, त्याने जोडून दिला. काय करणार? आमची जुनी लाइन कधीची तुंबलेली. मोरीतून उलटं वर येतं. जेवत असलो तरी वर येतं. अर्ज करून करून थकलो. तुम्ही आलात का कधी बघायला?"

मी आले नव्हते. तो भाग तेव्हा माझ्याकडे नव्हता, पण हे तिला सांगून काय उपयोग होता?

परबकाका दारात येऊन उभे होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "हे चालणार नाही. आमच्यासाठी टाकलेली लाइन आहे. यांची घाण आमच्या लायनीत नको."

"यांची म्हणजे?" आशाताईने विचारलं. आवाज अजिबात चढवला नव्हता तिने. "तुमची काय वेगळी असते?"

यंत्र बंद झालं होतं तरी खोलीत धूर रेंगाळत होता. परबकाकांनी तिच्याकडे न बघता मला सांगितलं, "मॅडम, नियम काय तो करा," आणि ते निघून गेले.

नियम सरळ होता. विनापरवाना जोडणी तोडायची, परत चाचणी घ्यायची, पास झाली की सही करायची. वरूनही तसेच फोन आले. तोडा आणि मोकळे व्हा, लोक शिबिरात अडकलेत. मला झोप लागेना. डोळे मिटले की म्हातारीचा हात आठवायचा, आणि उघडले की मोरीची जाळी. जोडणी तोडली तर चाळीत परत मैला वर येणार. ठेवली तर लाइन एका इमारतीच्या हिशेबाने टाकलेली, दोघांचा भार तिला पेलणार नाही, खालच्या टप्प्यात तुंबणार. मी आकडेमोड पुन्हा पुन्हा केली. खालचा टप्पा मोठ्या व्यासाचा केला, चाळीला रीतसर चेंबर दिला, तर दोन्हींचं जमत होतं. तसा प्रस्ताव मी पाठवला. बिल्डर खवळला. परबकाकांनी तर माझ्याशी बोलणंच टाकलं. खुर्ची मात्र रोज तिथेच असायची.

प्रस्ताव टेबलावरून टेबलावर सरकत होता, तेवढ्यात मुकादमाचा निरोप आला की लाइन दुरुस्त झाली आहे, चाचणी घ्या. मी सकाळीच गल्लीत पोचले. मुकादमाने पाणी आधीच भरून ठेवलं होतं. खुणेला ते जागच्या जागी उभं होतं, हलत नव्हतं. मला बरं वाटायच्या ऐवजी संशय आला.

"काय केलंत?"

"चोर पाइप बंद केला, मॅडम. गोण्या ठोकून वरून सिमेंट."

तेवढ्यात समोरून आरोळी ऐकू आली. मी धावले. चाळीच्या तळमजल्यावरच्या सगळ्या मोऱ्या उलट्या वाहत होत्या. आशाताईच्या खोलीत घोट्याएवढं काळं पाणी होतं. गादी, पिठाचा डबा, मुलीची पुस्तकं, सगळं खाटेवर चढवून ती बादलीने पाणी बाहेर फेकत होती. बायका रडत होत्या, पुरुष मुकादमाच्या अंगावर धावले होते. तो घाबरला आणि त्याने आपल्या एका मजुराला हाक मारली, "किसन, उतर! गोण्या काढ, चल लवकर!"

चाळीच्या भिंतीलगत, मिस्त्रीने चोर पाइपसाठी गुपचूप बांधलेल्या चेंबरचं झाकण काढलेलं होतं. आत काठोकाठ मैला. गोण्यांचं बूच तळाशी. किसन तिशीतला, अंगाने काटक, जालन्याकडचा. त्याने शर्ट काढून भिंतीवर ठेवला आणि कमरेला दोर बांधायला लागला.

"थांबा," मी म्हणाले. "कुणी उतरायचं नाही."

हे का, ते सांगायला हवं. वरून दिसतं ते नुसतं घाण पाणी. पण वर्षानुवर्षं साचलेला गाळ ढवळला की त्यातून गॅस सुटतो. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, मग नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, संपला. पुढच्या दोन-चार श्वासांत तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. दोर असला तर निदान देह वर येतो. माणसाला आत उतरवायला कायद्याने बंदी आहे आणि तरीही, वाचकहो, तुम्ही हे वाचत असताना कुठे तरी कुणी तरी उतरत असेल.

किसन म्हणाला, "मॅडम, जाऊ द्या की. मी हमेशा उतरतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"नाही."

"मुकादम हाकलून देईल मला."

मुकादमाने माझ्याकडे न बघता त्याला खुणावलं. किसन कडेला बसला आणि त्याने पाय आत सोडले. मी काय करतेय हे मला कळायच्या आत मी त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं होतं. बाजूला सेंट्रिंगची फळी पडली होती. ती चेंबरच्या तोंडावर आडवी टाकली आणि तिच्यावर बसले. आधी मैला उपसणाऱ्या गाडीला फोन लावला. गाडी माहीमला होती, यायला वेळ लागणार होता.

गल्ली माझ्यावर तुटून पडली. "आमची घरं बुडतायत आणि ही बाई फळीवर बसलीय!" "तो उतरायला तयार आहे, तुमचं काय जातंय?" त्यांचं काय चुकत होतं? मी त्यांच्या जागी असते तर मीही ओरडले असते. खालून वास येत होता, डोकं दुखायला लागलं होतं, आणि मी घोगऱ्या आवाजात एकच वाक्य परत परत म्हणत होते, "गाडी निघाली आहे."

आशाताई भरलेली बादली घेऊन बाहेर आली. सरळ माझ्यासमोर येऊन थांबली आणि तिने ती माझ्या पायांवर ओतली. काळं पाणी माझ्या चपलांतून वाहत गेलं. "ही घ्या तुमची टेस्ट," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. मग ती वळली आणि तिची नजर किसनवर पडली. तो उघड्या अंगाने भिंतीला टेकून उभा होता, दोर अजून कमरेलाच.

"कुठचा रे तू?"

"जालन्याकडचा, ताई."

"पोरं आहेत?"

"दोन."

ती चाळीकडे वळून ओरडली, "याला कुणी उतरवायचा नाही. ऐकलं का? आपण पाणी काढू, गाडी येईपर्यंत. पण याला उतरवायचा नाही." आणि ती रिकामी बादली घेऊन परत आत गेली.

तिच्या घरात अजून पाणी चढत होतं. ती हे बोलली तेव्हा तिच्या साडीचा काठ काळा झालेला होता. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी मोठमोठ्या साहेबांची भाषणं ऐकली, त्यातलं एकही मला आता आठवत नाही.

परबकाका खुर्चीवरून कधी उठले ते मला दिसलं नाही. त्यांनी नव्या इमारतीचं फाटक उघडलं, बांधकामाच्या टाकीला रबरी नळी लावून ती गल्लीत आणली. चाळीतल्या म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना इमारतीच्या हॉलमध्ये बोलवायला लागले. कोणी पाऊल उचलेना. तसे ते चिडून म्हणाले, "अरे येवा आत, लाजतास कित्याक? फक्त चपला भायर काढा, लादी नवीन आसा." कोणीतरी हसलं. मग एकेक जण गेला.

गाडी आली तेव्हा दुपार झाली होती. नळीने चेंबर उपसला, लांब आकडीने वरूनच सिमेंट फोडून गोण्या ओढून काढल्या. माझा पाय मुंगी येऊन बधिर झाला होता, उठताना मला किसननेच हात दिला.

त्या संध्याकाळी मुकादमाने त्याला कामावरून काढलं.

मला ते दुसऱ्या दिवशी कळलं. मी कंत्राटदारावर कारवाईची शिफारस केली, ती झालीही, पण किसनचा फोन बंद होता आणि तो कुठे राहतो ते कुणाला ठाऊक नव्हतं. माझा प्रस्ताव त्या दिवसानंतर भराभर मंजूर झाला. खालचा टप्पा नव्याने टाकला, चाळीला रीतसर चेंबर मिळाला. मी आरशात पूर्ण गोल उजेड पाहिला, खडूची खूण केली आणि या वेळी जागची हलले नाही. पाणी उभं राहिलं. मी सही केली. परबकाकांनी आईला टॅक्सीतून आणलं, खुर्चीवर बसवून चौघांनी वर नेलं. पुढे ती वर्षभर जगली, नव्या घरात.

इमारतीच्या पूजेला मला बोलावणं होतं. आशाताईही आली होती, परबकाकांच्या बायकोशी पापडांवरून काही तरी वाद घालत. मी तिला किसनबद्दल विचारलं. उगीच विचारलं, तिला काय माहीत असणार असं वाटलं होतं.

"आला होता की," ती म्हणाली. "चहा पिऊन गेला. काम लागलंय म्हणे माझगावला. इमारतींच्या टाक्या साफ करायचं."

"कसल्या टाक्या?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि तिच्याही लक्षात आलं. मी प्रसादाची वाटी तशीच ठेवली आणि निघाले. टॅक्सीत मला नीट बसवत नव्हतं. माझगावच्या एका जुन्या चर्चच्या मागे, आशाताईने सांगितलेल्या गल्लीत, तो एका इमारतीच्या आवारात सापडला. नुकताच आंघोळ करून बसला होता, केसांतून पाणी गळत होतं. संडासाची टाकी शेजारीच उघडी होती.

"उतरलास?" मी विचारलं.

"हो." तो ओशाळला. "मॅडम, इथं नाही म्हणायला कोण आहे? वरचं काम असेल तर सांगा की. वरचं काम मिळालं तर कोण उतरतंय?"

त्याला द्यायला माझ्याकडे काम नव्हतं. सही मोठी असली तरी तिने माणसाला नोकरी लागत नाही. मी ओळखीच्या प्रत्येकाला फोन केले, काहींना इतके केले की त्यांनी उचलणं बंद केलं. शेवटी उपसा गाड्या चालवणाऱ्या एका ठेकेदाराने त्याला हेल्पर म्हणून घेतलं. पुढे किसन गाडी चालवायला शिकला. आता तो स्वतः गाडीवर असतो. सणासुदीला फोन करतो, पोरांचे मार्क सांगतो.

हा लेख लिहायला बसले तेव्हा त्याचा फोन आला. मला वाटलं, दिवाळीचा असेल. पण मागे गलका ऐकू येत होता.

"मॅडम, शीवला आहे. इथे एका सोसायटीचं तुंबलंय आणि माझ्या गाडीची नळी फुटली. दुसरी गाडी यायला वेळ आहे. यांनी एक माणूस आणलाय उतरवायला. ऐकत नाहीत."

"उतरला का तो?"

"नाही ना. मी झाकण लावलं आणि गाडी मागे घेऊन चाकच झाकणावर आणून ठेवलंय. आता सगळे मला शिव्या देतायत. काय करू?"

"गाडीची किल्ली कुठे आहे?"

"खिशात."

"खिशातच राहू दे," मी म्हणाले आणि चपला शोधायला लागले. "पत्ता सांग."